अर्ध्या जबड्यातला पूर्वज: रामापिथेकसचं नेमकं काय चुकलं?

मागच्या वेळी आपण अनुमानावर बोललो. डोंगर, धूर आणि अग्नी हे न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण घेऊन बोललो. त्यावर काही श्रोत्यांनी विचारलं की हे सगळं ठीक आहे, पण आजच्या विज्ञानाशी याचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसायची आम्हाला इच्छा नाही, म्हणून मोघम उत्तर न देता आज एकच प्रकरण घेऊ. ते आहे एका जबड्याचं, आणि खरं सांगायचं तर अर्ध्याच जबड्याचं.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा, म्हणजे १९६० च्या दशकाच्या शेवटी, मानवाच्या वंशवृक्षाचं चित्र असलेलं पुस्तक उघडलं की बुंध्याशी एक नाव हमखास दिसायचं: रामापिथेकस. दीड कोटी वर्षांपूर्वीचा, मानवकुळातला पहिला ज्ञात प्राणी. तोही सापडला कुठे, तर आपल्या शिवालिक टेकड्यांत. आम्हाला तेव्हा भारी अभिमान वाटला होता, कबूल करतो. नाव पाठ करायला सोपं, परीक्षेत गुण देणारं. पुढे आम्ही तत्त्वज्ञानाकडे वळलो आणि मध्ये बरीच वर्षं गेली. मग कळलं की रामापिथेकस वंशवृक्षावरून उतरवला गेला आहे.

हे कळल्यावर लोक दोन प्रकारे बोलतात. एक गट म्हणतो, ‘बघा, काल पूर्वज होता, आज नाही. उद्या दुसरं काही सांगतील. यांच्या उत्क्रांतीचं काय खरं?’ दुसरा गट म्हणतो, ‘विज्ञान स्वतःची चूक सुधारतं, हाच तर त्याचा मोठेपणा.’ आमची सहानुभूती दुसऱ्या गटाला आहे, पण तक्रारही त्याच्याबद्दलच जास्त आहे. चूक सुधारली म्हणता, तर नेमकी कोणती? हाडाची, तारखेची की विचाराची? हे न विचारता नुसती पाठ थोपटून घेतली, तर तीच चूक नव्या हाडावर पुन्हा करायला आपण मोकळे. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की रामापिथेकसमधली चूक अनुमानाची होती, तिला नाव देता येतं, आणि ती दिसायला नवीन जीवाश्म सापडण्याची गरज नव्हती.

आधी हकीगत. १९३२ साली येल विद्यापीठाचा जी. एडवर्ड लुईस नावाचा तरुण संशोधक आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगर परिसरात जीवाश्म शोधत होता. त्याला वरच्या जबड्याचा उजव्या बाजूचा एक तुकडा मिळाला, थोडे दात असलेला. १९३४ साली त्याने त्याचं नाव ठेवलं रामापिथेकस ब्रेव्हिरोस्ट्रिस, म्हणजे आखूड तोंडाचा रामाचा कपी. कपी म्हणजे इथे शेपूट नसलेली मोठी वानरं, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान वगैरे. नावातल्या ‘रामा’वर फार भार टाकू नका. त्या भागातल्या जीवाश्मांना देवादिकांची नावं द्यायची रीत आधीच पडली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९१० साली शिवापिथेकस हे नाव दिलं होतं. लुईसने स्वतः आणखी एकाला ब्रह्मापिथेकस आणि एकाला सुग्रीवापिथेकस करून टाकलं. अख्खा दरबारच भरवला म्हणा ना.

लुईसचं म्हणणं होतं की या तुकड्यात माणसाकडे झुकणारी लक्षणं आहेत. १९३५ साली अमेरिकेतले वजनदार मानववंशशास्त्रज्ञ आलेश हर्डलिचका यांनी ते खोडून काढलं: हा कपीच आहे. विषय तिथेच थंडावला. जबडा पंचवीसेक वर्षं येलच्या संग्रहालयात पडून राहिला. मग १९६१ साली एल्विन सायमन्स यांनी तो पुन्हा बाहेर काढला आणि लुईसची बाजू उचलून धरली. पुढे तरुण डेव्हिड पिलबीम त्यांना येऊन मिळाले. केनियात फोर्ट टर्नान इथे लुई लीकी यांना मिळालेला, सुमारे एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीचा केनियापिथेकससुद्धा रामापिथेकसच, असं त्यांनी ठरवलं. पाठ्यपुस्तकं मागोमाग आली. आमच्या पिढीने पाठ केला तो हाच रामापिथेकस.

आता तो तुकडा डोळ्यांसमोर आणा. माणसाच्या दातांची रांग वरून पाहिली तर कमानीसारखी, मागे रुंदावत जाणारी दिसते. चिंपांझीची रांग इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी असते, दोन्ही बाजू जवळजवळ समांतर. रामापिथेकसची रांग माणसासारखी कमानदार, हा मोठा पुरावा मानला गेला. पण जबड्याची एकच बाजू हातात असताना कमान कुठून आली? तर त्या बाजूचा आरसा करून दुसरी बाजू काढली. आरसा करायचा तर मधली रेषा कुठे, हे माहीत हवं. त्या तुकड्यात मधली रेषा शिल्लकच नव्हती. तुकडा जरा बाहेर वळवून धरला की कमान होते, जरा आत वळवला की ‘यू’ होतो.

उत्खननात काचेच्या बांगडीचा तुकडा मिळतो तेव्हा पुरातत्त्वाचे लोक त्यावरून अख्ख्या बांगडीचा व्यास काढतात, आणि तो बरोबर निघतो. का? कारण बांगडी गोल असते हे आधीच ठाऊक असतं. जबड्याचा आकार कसा, हाच तर प्रश्न होता. उत्तर गृहीत धरून आरसा धरला आणि आरशात तेच उत्तर दिसलं. १९७३ साली ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी आफ्रिकेतल्या नमुन्यांची जुळणी पुन्हा केली, तेव्हा कमान नव्हे तर ‘व्ही’सारखा आकार आला. ही जुळणी काळजीपूर्वक केलेली होती. पण आमचा मुद्दा असा की मधली रेषा नाही, ही गोष्ट १९६१ सालीही त्या तुकड्यावर उघड दिसत होती.

कमान राहू द्या, खरा डोलारा उभा होता सुळ्यांवर. कपींचे, विशेषतः नरांचे, सुळे मोठे आणि धारदार असतात. माणसाचे सुळे छोटे. डार्विनने १८७१ साली ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये एक सूचना केली होती की आपले पूर्वज हातात दगड-सोटे घेऊन लढू लागले, तसं दातांचं काम कमी झालं आणि सुळे लहान होत गेले. सूचना म्हणून ती देखणी आहे. पण रामापिथेकसच्या बाबतीत तिची साखळी झाली. या जातीचा सुळा लहान असावा, म्हणजे तो हत्यारं वापरत असणार, म्हणजे हात मोकळे असणार, म्हणजे दोन पायांवर चालत असणार. हे सगळं हातापायांचं एकही हाड हाताशी नसताना! नुसत्या दातांवरून प्राणी उभा राहिला आणि चालायलाही लागला.

इथे आमचं न्यायशास्त्र उपयोगी पडतं. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती टिकते. पण उलटं करा: डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणार. हे टिकत नाही. नैयायिक लगेच तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग ते विचारतात, धूर होतो कशामुळे? ओल्या सरपणामुळे. अग्नीला ओलं इंधन लागलं की धूर. हे ओलं इंधन म्हणजे उपाधी, अनुमानात गुपचूप शिरलेली अट. उपाधी सापडली की अनुमान पडलं. चुलीवर स्वयंपाक केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

आता हेच जबड्याला लावा. ‘माणसाचे सुळे लहान असतात’ हे खरं. ‘ज्याचे सुळे लहान तो माणसाच्या कुळातला’ हे उलटं झालं. लोखंडाचा गोळा कुठे आहे? तो त्याच शिवालिकात पडलेला होता. शिवापिथेकस हा रामापिथेकसचा मोठा, मोठ्या सुळ्यांचा शेजारी. अनेक कपींमध्ये नर मोठा आणि मादी लहान असते, मादीचे सुळेही लहान असतात. मग ज्याला आपण वेगळी जात समजतो ती त्याच जातीची मादी असेल तर? ही शंका काही परग्रहावरून आणायची नव्हती. कुठल्याही प्राणिसंग्रहालयात गोरिलाचं जोडपं पाहणाऱ्याला ती सुचली असती.

उपाधीही सापडली होती. १९७० साली क्लिफर्ड जॉली यांनी बिया खाणाऱ्यांचा सिद्धान्त मांडला. इथिओपियातल्या गेलाडा माकडांकडे बोट दाखवून त्यांनी म्हटलं की पुढचे दात लहान आणि मागच्या दाढा भक्कम, ही ठेवण कठीण, बारीक अन्न चघळण्यातूनही येऊ शकते. तिच्यासाठी हत्यारं लागतातच असं नाही. जॉलींना रामापिथेकस पाडायचा नव्हता, मानवकुळाचा उगम समजावून सांगायचा होता. त्यांचा सिद्धान्त सगळा आज कुणी मानत नाही. पण दात आणि हत्यार यांच्या मधली गाठ त्यांनी सोडवली. दातांवरून फार तर आहार कळतो. आहारावरून चाल कळत नाही, आणि कूळ तर नाहीच.

बाहेरून धक्का आला तो वेगळ्याच दिशेने. १९६७ साली बर्कलीच्या व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाची तुलना केली. माणूस आणि आफ्रिकी कपी यांच्या प्रथिनांत इतका थोडा फरक निघाला की दोघांच्या वाटा वेगळ्या होऊन सुमारे पन्नास लाख वर्षंच झाली असावीत, असा हिशेब त्यांनी मांडला. मग दीड कोटी वर्षांपूर्वीचा मानव-पूर्वज कसा शक्य आहे? हाडांवर काम करणारे चिडले. सॅरिचही काही कमी नव्हते. पुढे त्यांनी लिहिलं की ऐंशी लाख वर्षांपेक्षा जुना जीवाश्म दिसायला कसाही असो, त्याला मानवकुळात घेण्याची मुभाच आता उरलेली नाही.

रामापिथेकसपुरतं सॅरिच बरोबर ठरले. तरी त्यांचं हे वाक्य आम्हाला खटकतं. ‘दिसायला कसाही असो’ म्हणजे पुरावा न बघताच निकाल. ज्या हट्टाबद्दल ते हाडवाल्यांना दोष देत होते, तोच हट्ट. शिवाय त्यांच्या रेणूंच्या घड्याळाला चावी कुठून दिली होती? कपी आणि जुन्या जगातली माकडं सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, या आकड्यावरून. तो आकडा आला जीवाश्मांवरून! आज मानव आणि चिंपांझी वेगळे झाल्याचा काळ त्यांच्या पन्नास लाखांपेक्षा बराच मागे, साठ-सत्तर लाख किंवा त्याहूनही आधीचा मानतात. तेव्हा या भांडणात एक बाजू विज्ञानाची आणि दुसरी अडाणी, असं काही नव्हतं. दोघेही अनुमानच करत होते. एवढंच की सॅरिच-विल्सन यांच्या अनुमानात चुकीला जागा कमी होती.

दरम्यान आफ्रिकेत डार्विनचं गाठोडंच सुटलं. १९७४ साली इथिओपियात हदार इथे लूसी सापडली, सुमारे बत्तीस लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालणारी होती, पण मेंदू कपीएवढा. १९७८ साली टांझानियात लेटोली इथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं मिळाली, सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वीची. इतकी जुनी दगडी हत्यारं तेव्हा कुठेच माहीत नव्हती. उभं राहणं, हत्यारं, लहान सुळे आणि मोठा मेंदू या गोष्टी एकाच झोळीतून एकदम बाहेर पडल्या नाहीत. मग एक दिसली म्हणून बाकीच्या असणारच, हे म्हणायचा आधार गेला.

शेवटचा घाव पाकिस्तानात पोटवार पठारावर पडला, आणि तो घातला पिलबीम यांनीच. १९७३ पासून ते पाकिस्तानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाबरोबर तिथे काम करत होते. त्यांच्या पथकाला शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा मोठा भाग मिळाला. त्याचा नोंदक्रमांक १५०००. १९८२ साली त्याचं वर्णन ‘नेचर’मध्ये आलं. डोळ्यांच्या खोबण्या उभट आणि एकमेकींच्या जवळ, चेहरा मधोमध बशीसारखा खोलगट. पाहणाऱ्याला आठवतो तो ओरांगउटान. आणि रामापिथेकस शिवापिथेकसपासून वेगळा काढता येत नाही, हे एव्हाना बहुतेकांना पटलं होतं. तेव्हा तोही माणसाच्या फांदीवरून उतरून आशियातल्या कपींच्या फांदीवर गेला. जातींची नावं एकत्र केली की जुनं नाव राहतं असा नियम आहे. म्हणून १९१० चा शिव राहिला आणि १९३४ चा राम त्यात विलीन झाला. आमच्या वारकऱ्यांना हे हरिहरैक्य पसंत पडलं असतं.

पिलबीम यांच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. स्वतःच्या नावावर उभा असलेला सिद्धान्त स्वतः खणून काढलेल्या हाडाने पाडणं, आणि मग तो पडला असं छापून सांगणं, हे फार थोड्यांना जमतं. त्यांनी त्यापलीकडे जाऊन लिहिलं की आपल्या विषयात आधीच मनात असलेली उपपत्ती पुराव्यावर कुरघोडी करते. सायमन्स मात्र १९७७ सालीही ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये रामापिथेकसची बाजू लढवत होते. आम्हाला पिलबीम यांच्या कबुलीचं कौतुक आहे, आणि तरी ती अपुरी वाटते. ‘उपपत्ती पुराव्यावर मात करते’ हे सगळ्याच विषयांबद्दल म्हणता येतं. आमच्या तत्त्वज्ञानाच्या विभागात तर पुराव्याचीही गरज पडत नाही. पण इथे कोणत्या पायरीवर पाय घसरला ते सांगता येतं: मधली रेषा गृहीत धरली, व्याप्ती उलटी वापरली आणि मादीची शक्यता तपासली नाही. तिन्ही गोष्टी हाडं हातात येण्याआधी, नुसत्या विचाराने सापडण्यासारख्या होत्या. म्हणूनच पिल्टडाउनशी याची तुलना केलेली आम्हाला आवडत नाही. १९१२ चा पिल्टडाउन माणूस हा निव्वळ बनाव होता, १९५३ साली तो उघडा पडला. तिथे कुणीतरी फसवलं. इथे सगळे प्रामाणिक होते.

हे आता उगाळायचं कशाला? कारण रामापिथेकस अजून निवृत्त झालेला नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात कैक वर्षं मुलं वाचत आली की सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी ड्रायोपिथेकस आणि रामापिथेकस होते, आणि त्यातला रामापिथेकस अधिक माणसासारखा. १९८२ नंतर शाळेत गेलेल्यांची मुलंही आता बारावी झाली. दरम्यान दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. म्हणजे दहावीत उत्क्रांती नाही, आणि जी थोडी मुलं पुढे जीवशास्त्र घेतात त्यांच्या वाट्याला बाद झालेला पूर्वज. मग कुणी त्यांना ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणालं, तर त्यांनी काय उत्तर द्यावं? त्याच मुलांना जबड्याची ही सगळी गोष्ट सांगितली असती तर एका तासात त्यांना उत्क्रांतीही कळली असती आणि पुरावाही.

बरं, तज्ज्ञांमध्ये तरी ही चूक संपली का? शिवापिथेकसचंच घ्या. चेहरा ओरांगउटानसारखा, म्हणून तो ओरांगउटानचा नातलग, हे १९८२ नंतर पाठ झालं. १९९० साली पिलबीम आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातून आलेल्या दंडाच्या हाडांचं वर्णन केलं. ती हाडं ओरांगउटानसारखी नाहीत. चेहरा एक सांगतो, दंड दुसरंच. सारखेपणावरून नातं जोडताना कोणता सारखेपणा मोजायचा, हा प्रश्न परत दारात.

आणि तुमाई. मध्य आफ्रिकेत चाडच्या वाळवंटात २००१ साली मिळालेली कवटी, सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीची. २००२ साली तिला सहेलान्थ्रोपस नाव मिळालं आणि मानवकुळातली सर्वांत जुनी म्हणून मान मिळाला. आधार कोणते? त्यात एक होता लहान सुळा! इथे रामापिथेकसपेक्षा पुरावा नक्कीच जास्त आहे. कवटी बरीचशी पूर्ण आहे, आणि मणका कवटीला खालून जोडला जाण्याची जागा हा वेगळा आधार आहे. तरी ते वाचताना आम्हाला हरितल्यांगरची आठवण झाली. त्याच ठिकाणी मांडीचं एक हाडही मिळालं होतं. २००४ साली एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं की हे कपी-मानव कुळातल्या प्राण्याचं हाड आहे. त्याचं वर्णन छापून यायला २०२० उजाडलं, आणि ते लिहिणाऱ्यांना हा प्राणी नेहमी दोन पायांवर चालत होता असं वाटलं नाही. २०२२ साली मूळ शोधाशी संबंधित गटाने ‘नेचर’मध्ये तेच हाड घेऊन उलट निष्कर्ष काढला: तो दोन पायांवर चालत होता.

त्या हाडाची दोन्ही टोकं तुटलेली आहेत. खुब्याचा गोळा नाही, गुडघ्याचा भाग नाही, म्हणजे चाल ज्यावरून सर्वांत चांगली कळते तेच नाही. उरला मधला दांडा. २०२२ च्या लेखात एक मुद्दा असा आहे की हाडाच्या आत वरच्या बाजूला एक उभा, कणखर पडदा आहे, तो माणसात असतो, म्हणून ही दोन पायांच्या चालीची खूण. टीकाकार म्हणतात, असा पडदा कपींतही आढळतो.

लोखंडाचा गोळा ओळखलात ना? आता प्रश्न घेऊ या. पहिला हात मागच्या रांगेतून वर आहे, त्यांना माइक द्या.